पेठेचा सामाईक खर्च

दुकानाच्या उंबरठ्याच्या आत जे काही आहे, त्याची चिंता दुकानदार करतो. उंबरठ्याबाहेरचा रस्ता मात्र सर्वांचा असतो, आणि जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा अनुभव जगातील प्रत्येक पेठेचा आहे. दिवा बंद पडला तर तो नगरपालिकेचा, कचरा साचला तर तो शेजाऱ्याचा, आणि गिऱ्हाईक कमी झाले तर तो काळाचा दोष. या अनुभवावर कॅनडातील काही छोट्या व्यापाऱ्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एक उपाय शोधला. तो पुढे न्यूयॉर्क, लंडन, हॅम्बर्ग, केपटाउन अशा शहरांत पोहोचला. इंग्रजीत त्याला ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. मराठीत ‘बाजारपेठ-सुधार क्षेत्र’ म्हणता येईल. पिढ्यान्‌पिढ्या पेठेत उभ्या असलेल्या कुटुंबांनी हा उपाय त्याच्या गुणदोषांसह समजून घेणे उपयोगाचे आहे.

टोरांटो शहराच्या पश्चिमेस ब्लूर स्ट्रीट या रस्त्याचा एक भाग ‘ब्लूर वेस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखला जातो. दुतर्फा लहान लहान दुकाने, बरीचशी मालकाने स्वतः गल्ल्यावर बसून चालवलेली. रस्त्यावरून ट्राम धावत असे, तोवर या दुकानांना जाहिरातीची फारशी गरज नव्हती. ट्राममधला प्रवासी खिडकीतून दुकानातला माल पाही आणि पुढच्या थांब्यावर उतरे. १९६४ मध्ये शहराच्या उत्तर भागात यॉर्कडेल हे भव्य, छताखालचे व्यापारसंकुल उघडले. तेथे मोटार उभी करण्यास मोकळी जागा होती आणि बर्फवृष्टीतही कोरड्या पायांनी खरेदी करता येई. त्यापाठोपाठ १९६६ मध्ये ब्लूर स्ट्रीटला समांतर भुयारी रेल्वे सुरू झाली आणि १९६८ मध्ये ती ब्लूर वेस्टच्या वस्तीखालून आणखी पश्चिमेस गेली. ट्राम बंद झाली. जो प्रवासी काल दुकानांसमोरून जात होता, तो आता त्यांच्या पायाखालून जाऊ लागला. सोयीचे साधन आले, परंतु पेठेच्या दृष्टीने वाहता ओढाच जमिनीत मुरल्यासारखे झाले.

व्यापाऱ्यांची एक संघटना तेथे होती. रस्त्यावर चांगले दिवे लावावेत, बाके आणि फुलझाडांच्या कुंड्या ठेवाव्यात, सणासुदीला रोषणाई करावी, सर्व दुकानांची मिळून जाहिरात करावी, हे सर्वांना पटत होते. अडचण एकच होती, ती म्हणजे वर्गणी. काहीजण देत, बरेचजण देत नसत. आणि न देणाऱ्याच्या दारातही दिवा तितकाच लख्ख पडे. देणाऱ्याच्या मनात मग साहजिक प्रश्न येई: शेजारी फुकटात उजेड घेतो, तर आपणच तेलाचे पैसे का भरावेत? पुढच्या वर्षी देणाऱ्यांतला एक कमी होई.

या कोंडीतून त्या व्यापाऱ्यांनी काढलेली वाट विलक्षण होती. आपल्यावर कर बसवावा, अशी मागणी त्यांनी स्वतःच सरकारकडे केली. व्यापारी वर्ग सामान्यतः कर कमी करण्यासाठी सरकारदारी जातो. येथे तो कर मागण्यासाठी गेला. मागणी मात्र सशर्त होती. कर ठरावीक रस्त्यापुरता असावा, त्याचा पैसा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा आणि खर्चाचा निर्णय व्यापाऱ्यांच्या मंडळाने घ्यावा. नगरपालिकेने फक्त वसुली करावी आणि हिशेबावर लक्ष ठेवावे. ओंटारिओ प्रांताने त्यासाठी डिसेंबर १९६९ मध्ये कायद्यात तरतूद केली आणि मे १९७० मध्ये टोरांटो नगर परिषदेने उपविधी मंजूर करून ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातील पहिले सुधार क्षेत्र स्थापन केले. या कार्यात पुढाकार घेणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी ॲलेक्स लिंग यांच्या नावाचे कारंजे आज त्याच रस्त्यावर आहे. आणि एकट्या टोरांटो शहरात अशा क्षेत्रांची संख्या आता ८० च्या वर गेली आहे.

या उपायाचे मर्म समजण्यासाठी पेठ आणि मॉल यांची तुलना करून पाहावी. मॉलमध्ये दोनशे दुकाने असतात, परंतु जागेचा मालक एक असतो. तो भाडेकराराच्या वेळीच प्रत्येक गाळेधारकाकडून देखभालीचा आकार लिहून घेतो. त्या पैशातून झाडलोट, दिवाबत्ती, पहारा आणि जाहिरात होते. कोणते दुकान कोणाशेजारी असावे आणि सर्वांनी किती वाजता दार उघडावे, हेही तोच ठरवतो. पेठेत दोनशे दुकाने म्हणजे दोनशे मते. प्रत्येकजण आपापल्या दुकानाचा धनी. रस्त्याचा धनी कोणीच नाही. मॉलने पेठेला हरवले ते केवळ वातानुकूलनाने हरवले असे नाही, सामाईक खर्चाची सक्तीची व्यवस्था त्याच्याकडे होती आणि पेठेकडे नव्हती, हे त्याहून मोठे कारण होते. सुधार क्षेत्राने पेठेला नेमकी तीच व्यवस्था मिळवून दिली, आणि तरीही प्रत्येक दुकानाचे स्वामित्व ज्याचे त्याच्याकडे ठेवले.

आपल्याकडील व्यापारी परंपरेला ही कल्पना अगदीच परकी नाही. सौद्यावर ठरावीक दराने धर्मादा बाजूला काढण्याची रीत अनेक बाजारांत होती. गुजरातेत महाजनांनी व्यवहारांवर लागा बसवून पांजरपोळ चालवले. त्या काळी लागा न देणाऱ्यावर कायद्याचा बडगा नव्हता. परंतु पेढीवर बसणारा प्रत्येकजण दुसऱ्याला ओळखत होता, आणि चारचौघांत मान खाली घालावी लागणे हाच दंड पुरेसा होता. ब्लूर स्ट्रीटवर किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या शहराच्या मध्यभागी तसे बंधन उरले नव्हते. तेथे निम्मी दुकाने दूरदेशीच्या मोठ्या कंपन्यांच्या शाखा असतील, तर शाखेच्या व्यवस्थापकाला वर्गणीच्या पावतीवर सही करण्याचा अधिकारही नसतो. चार ओळखीच्या माणसांची भीड जिथे संपली, तिथे कायद्याला तिची जागा घ्यावी लागली. सुधार क्षेत्राचा जन्म या रिकाम्या जागेत झाला आहे.

कायद्याने घेतलेली ही जागा किती काटेकोर आहे, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथे २००३ च्या स्थानिक शासन कायद्याने अशा क्षेत्रांना मान्यता दिली, २००४ मध्ये नियम झाले, आणि लंडनच्या नैर्ऋत्येचे किंगस्टन अपॉन टेम्स हे जानेवारी २००५ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले क्षेत्र ठरले. इंग्लंडमध्ये व्यापारी जागेचे एक करपात्र वार्षिक मूल्य ठरवलेले असते आणि त्यावर दुकानदार स्थानिक कर भरतो. सुधार क्षेत्राचा आकार याच मूल्यावर, बहुधा एक ते दोन टक्क्यांच्या आसपास, बसवला जातो. समजा, एखाद्या दुकानाचे करपात्र मूल्य ४०,००० पौंड आहे आणि दर दीड टक्का आहे. तर त्या दुकानास वर्षाला ६०० पौंड, म्हणजे महिन्याला ५० पौंड द्यावे लागतील. अगदी लहान दुकानांना पुष्कळ ठिकाणी यातून वगळतात, कारण त्यांच्याकडून वसुली करण्याचा खर्चच मिळकतीच्या बरोबरीला येतो.

हा आकार लावण्यापूर्वी टपालाने मतदान घ्यावे लागते, आणि ते दोन मापांनी मोजले जाते. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मते बाजूने पडली पाहिजेत, हे पहिले माप. बाजूने मत देणाऱ्यांच्या जागांचे एकूण करपात्र मूल्यही विरोधकांच्या मूल्याहून अधिक भरले पाहिजे, हे दुसरे. पहिल्या मापामुळे दोन-चार बड्या दुकानांना शंभर लहानांवर आपली इच्छा लादता येत नाही. दुसऱ्यामुळे शंभर लहानांना, ज्यांच्या खिशातून बहुतांश पैसा जायचा त्या बड्यांवर भार ढकलता येत नाही. दोन्ही पारडी एकाच वेळी झुकली तरच ठराव होतो. आणि एकदा तो झाला की विरोधात मत देणाऱ्यालाही आकार भरावा लागतो. न भरल्यास इतर स्थानिक कराप्रमाणेच त्याची वसुली होते.

या सक्तीला मर्यादा घालणारी अट तितकीच महत्त्वाची आहे. असे क्षेत्र जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असते. मुदत संपली की पुन्हा आराखडा, पुन्हा मतदान. पाच वर्षांत केवळ कार्यालय थाटून अहवाल छापणाऱ्या मंडळाला व्यापारी घरी पाठवू शकतात, आणि काही शहरांत त्यांनी तसे केलेही आहे. कोणत्या सरकारी खात्याला दर पाच वर्षांनी करदात्यांसमोर उभे राहून ‘आम्हांला ठेवायचे की नाही’ असे विचारावे लागते? २०२० च्या महामारीत दुकानेच बंद असताना मतदान घेणे अशक्य झाले, तेव्हा मुदत संपत आलेल्या क्षेत्रांना ३१ मार्च २०२१ पर्यंत कायद्यानेच वाढ द्यावी लागली. ही वाढसुद्धा संसदेकडून घ्यावी लागली, मंडळाने आपल्या मर्जीने घेतली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक काळजी इंग्लंडमध्ये घेतली जाते. क्षेत्र सुरू होण्यापूर्वी नगरपालिका आणि पोलीस त्या रस्त्यावर आजवर कोणती सेवा किती प्रमाणात देत आले आहेत, याची नोंद लिहून ठेवतात. रस्ता दिवसातून किती वेळा झाडला जातो, दिवे किती, गस्त किती, असा तो तपशील असतो. व्यापाऱ्यांच्या पैशातून व्हायचे काम या नोंदीच्या वरचे असावे, हा हेतू. अन्यथा व्यापाऱ्यांनी झाडूवाला नेमताच नगरपालिका आपला झाडूवाला दुसरीकडे हलवणार आणि पेठेला एकाच झाडलोटीचे पैसे दोनदा पडणार. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत या कल्पनेने निराळे रूप घेतले. न्यूयॉर्कमध्ये आकार दुकानदारावर नसून इमारतीच्या मालकावर असतो. शहराचे वित्त खाते तो मालमत्ता कराबरोबर गोळा करते आणि क्षेत्राच्या संस्थेकडे सोपवते. त्या संस्थेच्या मंडळात मालकांचे बहुमत असते. त्यांच्याबरोबर भाडेकरू व्यापारी, रहिवासी आणि महापौरांसह शहराच्या लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी बसतात. युनियन स्क्वेअरच्या परिसरात १९८४ मध्ये तेथील पहिले क्षेत्र स्थापन झाले. आज त्या शहरात ७० हून अधिक क्षेत्रे आहेत.

त्यांतील ब्रायंट पार्कची कथा बोधप्रद आहे. मॅनहॅटनच्या मधोमध, मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयामागे असलेले हे उद्यान १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीचा अड्डा बनले होते. सभ्य माणूस तेथे पाऊल टाकीत नसे आणि भोवतालच्या इमारतींना त्याची झळ बसत होती. डॅन बिडरमन यांच्या नेतृत्वाखालील संस्थेने १९८० पासून या जागेची जबाबदारी अंगावर घेतली. शहरांतील मोकळ्या जागांचे निरीक्षण करण्यात आयुष्य घालवलेले विल्यम व्हाइट यांचा सल्ला तिला मिळाला. व्हाइट यांचे निदान असे होते की, उद्यान रस्त्यापासून उंचावर आणि झाडाझुडपांच्या भिंतींआड आहे, त्यामुळे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. लपण्यास सोयीची जागा सज्जनाला भय देते आणि दुर्जनाला अभय. १९८८ मध्ये उद्यान बंद करून दुरुस्तीस घेतले गेले. प्रवेशमार्ग रुंद झाले, झुडपे कमी झाली, दृष्टी आरपार जाऊ लागली. १९९२ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तेथे शेकडो सुट्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. त्या जमिनीला खिळलेल्या नव्हत्या किंवा साखळीने बांधलेल्याही नव्हत्या. ज्याला जिथे ऊन हवे तिथे त्याने खुर्ची ओढावी. चोरीच्या भीतीने खुर्च्या बांधून ठेवल्या असत्या, तर येणाऱ्यावरचा अविश्वासच प्रथम दिसला असता. विश्वास दाखवला आणि माणसे आली. माणसे आली तसा अड्डा उठला.

जर्मनीतील हॅम्बर्ग नगरराज्याने १ जानेवारी २००५ पासून आपला कायदा लागू केला. तेथे सुरुवातीस पंधरा टक्के मालकांची संमती मिळाली तरी प्रस्ताव मांडता येत असे. मग तो सर्वांसाठी खुला ठेवला जाई, आणि एक तृतीयांश मालकांनी लेखी हरकत घेतली तर तो बारगळे. जो गप्प बसला, त्याची मूक संमती गृहीत. इंग्लंडमध्ये गप्प बसणारा मोजलाच जात नाही. स्कॉटलंडने मात्र निदान २५ टक्के पात्र मतदारांनी मत दिलेच पाहिजे, अशी अट घातली. तिन्हीकडे प्रश्न एकच आहे: पेठेतील बहुसंख्य माणसे ना होकार देतात ना नकार; त्यांच्या मौनाचा अर्थ काय लावायचा? व्यापारी संघाच्या वार्षिक सभेत रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून ज्यांनी कधी ठराव मंजूर केले असतील, त्यांना या प्रश्नाची अडचण चटकन कळेल.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फर्मन सेंटरने २००७ मध्ये त्या शहरातील क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षेत्राच्या हद्दीतील व्यापारी इमारतींचे मूल्य लगतच्या तशाच इमारतींच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे त्यात आढळले. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष सांगितल्याशिवाय पहिला सांगणे न्यायाचे नाही. हा लाभ मुख्यत्वे मोठ्या, भक्कम अंदाजपत्रक असलेल्या क्षेत्रांत दिसला. लहान क्षेत्रांत तो फारसा दिसला नाही. लहान क्षेत्रातली मिळकत कार्यालय, पगार आणि कागदपत्रे यांतच बरीचशी संपते, हे त्याचे एक कारण असू शकते. ज्या पेठेला मदतीची गरज अधिक, तिचीच झोळी लहान, ही या योजनेची मोठी उणीव आहे. श्रीमंत रस्ता आपल्या पैशाने आणखी उजळतो आणि गरीब रस्ता शेजारच्या उजेडात अधिकच काळवंडलेला दिसतो.

दुसरा आक्षेप भाडेकरूंचा आहे. जिथे आकार मालकावर आहे, तिथे पुष्कळदा तो भाड्यातून दुकानदाराकडेच येतो. मत मात्र मालकाचे. रस्ता सुधारला की जागेचे मोल वाढते, मोल वाढले की भाडे वाढते, आणि ज्याने वर्षानुवर्षे आपल्या गल्ल्यातून सुधारणेचा भार वाहिला त्या लहान दुकानदारालाच एक दिवस ती पेठ परवडेनाशी होते. सुधारलेल्या पेठेतून जुना पेठकरी बाहेर, असा हा उलटा न्याय आहे. ओंटारिओच्या कायद्याने मालकांबरोबर व्यापारी भाडेकरूंनाही सदस्यत्व दिले आहे, त्यामागे हीच जाणीव आहे. न्यूयॉर्कमध्ये हा वाद न्यायालयात गेला. मतांचे वजन मालकांच्या बाजूने झुकलेले आहे, हे ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाच्या विरुद्ध आहे, असे एका रहिवाशाचे म्हणणे होते. संघीय अपील न्यायालयाने १९९८ मध्ये ते अमान्य केले. अशी संस्था शासनाची मूलभूत सत्ता वापरीत नाही, तिचे काम मर्यादित आहे आणि तिच्यावर शहराची देखरेख आहे, म्हणून त्या तत्त्वाचे बंधन तिला लागू होत नाही, असा निवाडा झाला. कायद्याचा प्रश्न सुटला. न्याय्यतेचा प्रश्न प्रत्येक क्षेत्राला स्वतः सोडवावा लागतो.

तिसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे. पेठ ‘स्वच्छ’ करायची म्हणजे काय काय झाडून काढायचे? कागदाचे कपटे, की पदपथावर झोपणारा माणूसही? अनेक शहरांत अशा क्षेत्रांच्या पहारेकऱ्यांवर बेघरांना आणि फेरीवाल्यांना हुसकावल्याचे आरोप झाले. ज्याला हुसकावले तो नाहीसा होत नाही. तो पुढच्या रस्त्यावर, ज्या पेठेला पहारेकरी ठेवणे परवडत नाही तिथे जाऊन बसतो. काही क्षेत्रांनी यातून वेगळा मार्ग धरला. केपटाउनच्या मध्यवर्ती क्षेत्राची संस्था २००० पासून काम करते. तिच्याकडे पहारेकऱ्यांबरोबर समाजसेवकही आहेत. पदपथावरच्या माणसाला निवारा, उपचार किंवा त्याच्या गावी परतण्याची वाट दाखवणे हे त्यांचे काम. त्याने प्रश्न मिटला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या समाजाने मुक्या प्राण्यांसाठी पांजरपोळ उभारताना आपल्या सौद्यातला वाटा बाजूला काढला, त्याला हे सांगावे लागू नये की, पेठेच्या सामाईक खर्चात पेठेच्या कडेला बसलेल्या माणसाचाही एक वाटा असतो.

आपल्या व्यापारी संघांची वर्गणी आजही बहुतांशी ऐच्छिक असते, आणि ती गोळा करताना ब्लूर स्ट्रीटवरचाच अनुभव येतो. सणाच्या रोषणाईसाठी चारजण दारोदार फिरतात, दहाजण देतात, पाचजण ‘उद्या या’ म्हणतात. एकीकडे महामार्गालगत मॉल उभे राहतात, दुसरीकडे मोबाइलवर मागवलेला माल दारात येतो, आणि जुन्या पेठेत मोटार उभी करायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक परस्पर वळते. अशा वेळी परदेशातील कायदा उचलून येथे लावावा असे म्हणणे घाईचे होईल. तेथील मालकी, भाडेपद्धती आणि नगरशासन निराळे आहे. परंतु त्या कायद्यांच्या मागचे जे चार-पाच प्रश्न आहेत, ते कायद्यावाचूनही कोणत्याही पेठेला स्वतःस विचारता येतील.

वर्गणीचे माप कोणते, सर्वांना सारखे की जागेच्या आणि उलाढालीच्या मानाने? ठराव करताना लहान दुकानदाराचे डोके आणि मोठ्याचा पैसा, दोन्ही मोजले जातात का? योजनेला मुदत आहे का, आणि मुदतीअंती पदाधिकारी पुन्हा संमती मागतात का? नगरपालिकेने जे करायलाच हवे त्याची यादी लेखी आहे का, की तिची चूक झाकण्यातच संघाचा पैसा जातो? आणि जो भाडेकरू आहे, जो फेरीवाला आहे, ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याच्यासाठी या हिशेबात रकाना आहे का?

या प्रश्नांपैकी दोघा-तिघांची उत्तरे जरी पेठेने एकत्र बसून लिहून काढली, तरी पहिले मोठे काम झाले. ब्लूर स्ट्रीटच्या व्यापाऱ्यांनी दिवे आणि कुंड्या नंतर आणल्या. त्याआधी ते एका टेबलाभोवती बसले आणि आपल्या रस्त्याची एक सामाईक वही उघडली. दुकानाच्या वहीत जमा आणि खर्च रोज संध्याकाळी मांडला जातो. उंबरठ्याबाहेरच्या रस्त्याची वही कोण लिहितो, हे प्रत्येक पेठेने आपल्या पुढच्या सभेत विचारून पाहावे.